नळीच्या तोंडाची माती

मिथुन ओव्हनच्या स्फोटात गेल्यावर चौकशी समिती एका दुपारी आली, चहा प्यायली आणि निष्कर्ष काढून गेली: मानवी चूक. या शब्दांतला मानव बहुधा मेलेलाच असतो. जिवंत असला, तर त्याला हुद्दा असतो. फुटलेल्या ओव्हनला नवे दार बसले, मिथुनच्या जागी रंजीता आली, आणि सिंदेवाहीच्या पुढे जंगलाला खेटून असलेली ती खाजगी प्रयोगशाळा पुन्हा मोहफुले तपासायला सज्ज झाली.

पहिल्याच सकाळी रंजीताने ओव्हन उघडला. आत थंडगार, रिकाम्या जाळ्या. तरीही भाजल्या मोहाचा जड, गोड वास तोंडावर आला. कोणी कोंडलेला श्वास सोडावा तसा. मागे झाडू थांबला. झाडणारी देवकाबाई मिथुनची आई होती.

"तो आतच आहे, बाई," ती म्हणाली. "माह्या पोराचं का चुकलं, तेवढं पाहून सांगजो. त्याच्यासाठीच मी अजून इथी येतो."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. स्पिरिटमध्ये भिजवलेले नमुने आजच्या आज सुकले पाहिजेत. मिथुन कुरकुर करत नसे, हेही त्यांनी ऐकवले. स्पिरिटने ओले काहीही ओव्हनमध्ये घालू नये, अशी सूचना भिंतीवरच्या पितळी पाटीवर अस्खलित इंग्रजीत कोरलेली होती. ज्यांना ती सहज वाचता येई, ते या खोलीत फिरकत नसत. रंजीताने ती अडखळत वाचली, नमुने बाहेरच्या हवेत मांडले, ओव्हनची विजेची वायर काढून खांद्यावर टाकली आणि वास कुठे अडकतो ते पाहायला उदबत्ती ओव्हनमागच्या नळीशी धरली. धूर नळीत शिरायला हवा होता. तो तिथेच घोटाळत राहिला.

ती नळी भिंतीतून जिथे बाहेर निघत होती, तिथे रंजीता गेली. भिंतीवर नखांचे लांब ओरखडे. नळीचे तोंड मातीने लिंपलेले, त्यावर बोटांचे ठसे. माती अजून ओली होती.

"मीनंच बुजवली," ओल्या मातीचे घमेले घेऊन आलेली देवकाबाई म्हणाली. "मोहाचा वास सुटला का अस्वल येते. मिथुनच्या खिडकीशी उभंच राह्यलं होतं एकडाव! त्याले का ओव्हन समजते? त्याले वाटते, दारूची भट्टी लागली!" ती हसली. "तईपासून लिंपतो. आता तुह्यासाठी."

रंजीताने मातीवरच्या बोटांच्या ठशांकडे पाहिले. गप्प राहिले तर मिथुन गुन्हेगार राहणार होता. बोलले तर समोर ही उभी होती.

"देवकाबाई, मिथुनचं काई चुकलं नाई. स्पिरिटची वाफ इथूनच बाहेर पडा लागते. कोंडली का पेट घेते. ही नळी काहासाठी आहे, तुम्हाले कोणी सांगतलं होतं?"

"झाडणारीले कोण सांगते, बाई?"

वाक्य संपले, आणि मग त्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोहोचला. घमेले हातातून गळाले.

"तुमचं नाई चुकलं," रंजीता म्हणाली. "ज्याईनं सांगा लागत होतं, त्याईचं चुकलं."

देवकाबाईने ऐकले की नाही, कळले नाही. ती बोटांनी माती उकरू लागली, नखे तुटेपर्यंत. शेवटचे ढेकूळ निघाले आणि तिने तळवा नळीपुढे धरला.

"गरम आहे व, बाई."

ओव्हनची वायर अजून रंजीताच्या खांद्यावर होती.

देवकाबाईने हात मागे घेतला नाही. "घे बाबू," ती नळीत म्हणाली, "घे श्वास."