नेढं नसलेली सळई

मी एक सळई बोलतेय. स्टीलची, बोटभर लांबीची, जुन्नरच्या सत्तार गादीवाल्याच्या गुडघ्यात राहून आलेली. आणि हो, जळकी आहे मी. लपवायचं कशाला?

पिंपरी पेंढारला गाद्या पोचवताना सत्तार टेम्पोच्या मागच्या फाळक्यावरून घसरला आणि गुडघ्याची वाटी दगडावर फुटली. डॉक्टरांनी दोन्ही तुकडे जुळवले, माझ्यासारख्या दोन सळया आरपार घातल्या आणि वरून तार आवळली. तार निसटू नये म्हणून माझं वरचं टोक आकड्यासारखं वाकवलं.

दिवसरात्र हाड धरून ठेवलं मी, आणि कौतुक कुणाचं? वाटीचं! ‘‘वाटी झकास जुळली,’’ जो तो म्हणायचा. माझं नाव निघायचं ते फक्त ‘‘मेली टोचते’’ म्हणून.

वाटीचं एक वेळ सोडा. माझा खरा जळफळाट व्हायचा तो दाभणावर. गादीला टाके घालायची ती लांब सुई. तीही स्टीलची, मीही स्टीलची. पण सत्तार तिला केसांवरून फिरवायचा, टोपीत खोचायचा, ‘‘चल राजा’’ म्हणायचा. मी त्याच्या अंगात राहत होते, तरी मला कधी एक गोड शब्द नाही.

अशात त्याच्या लेकीचं, कौसरचं लग्न ठरलं. त्यांच्या घरात लेकीच्या लग्नाची गादी बापानं स्वतः टाचायची असते. कापूस दाबायला गादीवर गुडघे टेकावेच लागतात, नाहीतर टाका सैल पडतो. गुडघा टेकला की मी टोचायचे, म्हणून सत्तारनं स्टुलावर बसून पाहिलं. जमेना.

‘‘दुसऱ्याकडनं भरून घ्या की,’’ त्याची बायको जोहराबी म्हणाली.

‘‘माजी लेक दुसऱ्याच्या टाक्यावर झोपंल व्हय?’’

मग या शहाण्यानं काय करावं? गुडघ्याला कापसाची जाड गादीच बांधली! ‘‘कापसावर टेकल्यावर काय टोचतंय?’’ जन्मभर कापसावर भरवसा ठेवलेला माणूस. तो रेटून टेकत राहिला, मी वर सरकत गेले, आणि कातडी लालबुंद झाली.

डॉक्टर हसले. ‘‘सत्तारभाई, टोचतंय आतून आणि कापूस बांधलाय बाहेरून! हाड जुळलंय. सळया काढून टाकू.’’

‘‘काढा सायेब. पोरीची गादी ऱ्हायलीय.’’

एका शब्दालाही त्याची जीभ अडखळली नाही. मला फार लागलं ते. पण नंतर त्यानं मला मागून घेतलं, बाटलीतून घरी आणलं आणि दाभणाशेजारी धरलं. माझी आशा पालवली.

‘‘लई चांगलं पोलाद हाय. पन दोरा ववायला नेढं न्हाई. आन् डोकं वाकडं.’’

‘‘तुमच्यासारखंच,’’ जोहराबी म्हणाली.

त्यानं माझं सरळ टोक दुकानाच्या लाकडी खांबात ठोकलं आणि वाकड्या टोकाला काय अडकवलं असेल? दोऱ्यासकट दाभण! रोज संध्याकाळी माझी सवत माझ्याच गळ्यात.

जखम भरल्यावर सत्तार कौसरच्या गादीजवळ आला. आधी चांगला गुडघा टेकला, मग हळूच दुसरा. कौसर वाकून बघत होती.

‘‘अब्बा, दुखतंय का?’’

‘‘न्हाई गं.’’ त्याचे डोळे भरून आले. त्यानं दाभण केसांवरून फिरवलं आणि पहिला टाका घातला. मी खांबावरून बघत होते. मला इतक्या लवकर विसरलेल्या त्या गुडघ्याचाही मला हेवा वाटला.

गादी सासरी गेली. परवा आणे गावचे एक पाहुणे उशा न्यायला आले. त्यांची नजर माझ्यावर पडली.

‘‘भाऊ, आकडा लई भारी. कुठनं आणला?’’

सत्तारनं दाभण माझ्यावरून काढून बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्यावरून बोट फिरवलं.

‘‘आणतोय कुठनं, पावणं! माज्या अंगातला हाय. ह्यानं धरलं म्हनून पोरीच्या गादीला टेकलो.’’

ऐकलंस ना गं सवतीबाई? तू तर बाजारातनं आलेली. आता लटक माझ्या गळ्यात खुशाल.