जॅकेटाचा मान

रविवारी दुपारी अंखोर कालव्यावर एवढी गर्दी, की होडीवाल्याकडे एकच लाइफ जॅकेट उरलं होतं. त्याने ते माझ्या चार वर्षांच्या मोहिरापुढे धरलं. सासऱ्यांनी मधल्या मध्ये घेतलं, झटकलं आणि तेर्मेझहून आलेल्या मीरवाहिद काकांच्या अंगावर मानाचा झगा चढवावा तसं चढवलं. काकांनी छातीवर हात ठेवून मान तुकवली. नारिंगी रंग त्यांना खुलतो, असं सासूबाई म्हणाल्या.

मी नवऱ्याला हळूच सांगितलं, मोहिराला पोहता येत नाही. एल्योर म्हणाला, काकांनाही येत नाही, आणि ते पाहुणे आहेत. मी पुन्हा सांगितलं. त्याने माझ्या हातात खरबूज दिलं. सुनेने मोठ्यांपुढे आवाज चढवायचा नाही, हे मी जलशास्त्राच्या पदवीआधीच शिकले होते. शिवाय निघताना सासूबाईंनी प्रत्येकाला नानचा एकेक घास तोडायला लावून उरलेला नान खुंटीला टांगला होता. तो संपवायला माणूस परत येतोच म्हणे. एवढा बंदोबस्त असताना जॅकेट कशाला?

मी ओढणीचं एक टोक मोहिराच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या.

"शेळी आहे का ती?" सासूबाईंनी विचारलं.

दोन्ही काठांची वाळुंजं पाण्यापर्यंत ओणवली होती. काका वर बघून वाहवा करत होते आणि सासरे ती झाडं स्वतः लावल्यासारखी स्वीकारत होते. मी तेवढी पाणी किती खोल आहे ते बघत होते.

तुतीच्या झाडांखाली सासऱ्यांना धक्का बसला. आपण चढलो त्या टोकाला पाहुणा बसलाय, म्हणजे चक्क दारात! मानाची जागा दारापासून सगळ्यात लांब. ते उठले आणि काकांना आपल्या जागेवर बोलावू लागले. काका उठून नको नको म्हणू लागले. वडीलधारे उभे, मग एल्योर बसून कसा राहील? वल्हं टाकून तोही उठला. त्याच्यामागून सासूबाई.

"खाली बसा ना सगळे," मी म्हणाले. हळूच.

होडी कलंडली.

पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. ओढणी खेचली तशी मोहिरा वर आली, खोकली आणि रडली. मी तिला उचलून कडेवर घेतलं. काका उताणे तरंगत होते आणि तशातही सासऱ्यांना आधी काठावर चढायचा आग्रह करत होते. सासरे म्हणत होते, छे, आधी तुम्ही.

सासूबाई पाणी कापत काकांपाशी गेल्या आणि त्यांना पायांवर उभं करून जॅकेट काढून घेतलं. मोहिराच्या ते घोट्यांपर्यंत आलं.

"अगं, मग मघाशीच सांगायचं ना," त्या मला म्हणाल्या.

"तीनदा सांगितलं!"

पलीकडच्या काठावर सोंगट्या खेळणारे म्हातारे वळून बघायला लागले. एल्योर वल्हं शोधू लागला.

होडी सरळ केली, तेव्हा मानाच्या जागेकडे ना सासरे फिरकले, ना काका. सासूबाईंनी पदर पिळावा तशी ओली बाही पिळली.

"बस तिथे पोरीला घेऊन," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही बाकीचे, कुणी उठलं तर बघा."

मी बसले. ओढणीची गाठ मात्र सोडली नाही.