पानामागचे ठिपके

मित्रांनो, मी एक म्हातारा नेचा. मला फूल येत नाही, फळ येत नाही, वासही नाही. तरी माझी कातरलेली हिरवी पानं पाहून चालता माणूस थांबतो. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही!

माझा जन्म राजूर घाटातल्या झऱ्याकाठचा. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. इंजिनात पाणी घालायला एसटी घाटात थांबली, तेव्हा मोताळ्याच्या अन्नपूर्णाबाईंनी मला मुळांच्या मातीसकट उचललं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणलं.

मोताळ्याचं ऊन कपाशीला मानवतं, मला नाही. पण बाईंची समज केवढी! फुटक्या माठाच्या बुडात विटांचे तुकडे, वर कुजलेला पाला घालून त्यांनी मला लावलं आणि पडवीच्या सावलीत, पाझरणाऱ्या रांजणाशेजारी ठेवलं. आधी मातीत बोट घालून ओल बघायच्या, मगच पाणी द्यायच्या. उन्हाळ्यात माझ्याभोवती ओलं गोणपाट असायचं.

त्यांचे यजमान उत्तमराव कपाशी पिकवायचे. रोगट झाड दिसलं की उपटायचं, ही त्यांची शिस्त. तिसऱ्या पावसाळ्यात त्यांनी सहज माझं पान उलटलं. मागे तपकिरी ठिपके!

"अन्नपूर्णे, याच्यावर कीड पडली. आजच उपट, नाही तं माह्या कपाशीले लागन."

माझी पाचावर धारण बसली.

बाईंनी पान उजेडात धरलं. "थांबा ना जी. कीड कधी अशी ओळीनं बसते काय?"

त्यांनी माझं एक पान तोडून दारातल्या कपाशीच्या झाडाला बांधलं. "याले काही झालं, तं मीच उपटून फेकीन."

पंधरा दिवस उत्तमराव रोज ते झाड तपासत होते. त्याला काहीच झालं नाही. मी वाचलो.

पुढे दिवाळीच्या सुमारास रांजणाखालच्या ओल्या विटांवर नखाएवढी हिरवी पानं उगवली. माझ्या ठिपक्यांतून तिथं बारीक भुकटी झडली होती, तेच माझं बियाणं म्हणा. उत्तमराव उकिडवे बसून बघत राहिले.

मित्रांनो, आम्हाला सावली द्या, ओल द्या, चिखल करू नका. आणि पानामागे ओळीनं ठिपके दिसले, तर उपटायची घाई करू नका.

तर, ती पानं उगवलेली दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे शंकरराव पाणी प्यायला रांजणाकडे आले. उत्तमराव लगबगीनं उठले.

"पाय जपून ठेवा, शंकरराव. तिथं आमची लेकरं हायेत."