तीन नंबरचा श्वास

पडदा माझ्याच हट्टाने आला होता. तरुण कलाकारांसाठी आम्ही निधी सुरू केला आणि दुसऱ्याच वर्षी कुणीतरी बोललं, की विश्वस्तांच्या घरी ज्यांचं येणंजाणं त्यांचीच निवड होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन जाड करडं कापड आणलं, शिवून घेतलं आणि सभागृहाच्या मधोमध टांगलं. तेव्हापासून उमेदवार पडद्यापलीकडे आणि आम्ही तिघं विश्वस्त अलीकडे. उमेदवाराने अनवाणी यायचं, कारण पावलांच्या आवाजावरूनही माणूस ओळखू येतो. सादरीकरणाखेरीज एक अक्षर बोलायचं नाही. दाराशी आमचा कारकून चिठ्ठ्या काढून नंबर देतो आणि नावांची यादी पाकिटात बंद होते. एक वर्ष नट, एक वर्ष वादक, एक वर्ष नर्तक, मग गायक, अशी पाळी फिरते. नर्तकांच्या वर्षी पडदा लावून बघणार काय, म्हणून त्यांना मुखवटे घालायला लावतो. लोक हसतात. हसू देत.

नववा नियमही माझाच. परीक्षकाने उमेदवाराला ओळखलं तर त्याने हात वर करायचा आणि पेन खाली ठेवायचं. मग त्या उमेदवारापुरते त्याचे गुण धरायचे नाहीत, उरलेल्या दोघांची सरासरी काढायची. सतरा वर्षांत मी दोनदा हात वर केला होता. डॉक्टरांनी एकदाच, आणि तोही स्वतःच्या पेशंटसाठी. ते दातांचे डॉक्टर. म्हणाले, "पुढचे दोन दात मीच बसवलेत, 'स' ऐकला आणि कळलं." तिसऱ्या आमच्या वकीलबाई. त्यांनी कधीच हात वर केला नाही, कारण त्यांची कुणाशी ओळख ठेवायची पद्धतच नाही.

यंदा गायकांची पाळी होती आणि माझ्या भाचीने अर्ज भरला होता.

भाची आठ वर्षांची असताना माझी बहीण गेली. मेहुण्यांची नोकरी फिरतीची, तेव्हा पोर माझ्याकडे राहिली. गाणं मीच शिकवलं. शिकवलं म्हणजे छळलं म्हणा. दुसऱ्यांच्या मुलींना मी "छान" म्हणायचे, हिला "पुन्हा" म्हणायचे. आपल्या माणसाचं कौतुक आपण केलं की त्याची किंमत जाते, असं माझं मत होतं. तिने अर्ज भरला तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "बाई, नात्यातल्यांना नकोच म्हणायचं का?" मी ताठ मानेने म्हणाले, "पडदा आहे ना!"

निधीकडून दोन वर्षांचा सगळा खर्च मिळतो आणि हवा त्या गुरूकडे राहून शिकता येतं. पोटासाठी दुसरं काही करावं लागत नाही. वयाची अट तिशीच्या आत.

त्या सकाळी नऊ उमेदवार होते. साथ नाही, नुसता गळा. पहिले दोन ठीक होते. तिसरा नंबर आला, बाईचा आवाज. संथ सुरुवात झाली, मी वहीवर पेन टेकवलं, आणि वरच्या स्वराकडे जायच्या आधी मला तो श्वास ऐकू आला.

तो श्वास माझा आहे. माझ्या गुरूंनी मला दिला आणि मी फक्त भाचीला दिला. पूर्ण श्वास घ्यायचाच नाही. अर्धा घ्यायचा, क्षणभर थांबायचं, बोलता बोलता कुणी विचार बदलावा तसं, आणि मग वर जायचं. हा बसायला तीन वर्षं लागतात. भाचीला पाच लागली. मी तिला बजावलं होतं, हे घराबाहेर कुणाला दाखवायचं नाही.

हात वर करायला हवा होता. पण मी विचार केला, की हात वर केला म्हणजे पलीकडे माझीच भाची आहे असं जाहीर केल्यासारखंच की! यंदा आणखी कुणासाठी मी हात वर करणार? मग डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघून एक गुण वाढवणार, वकीलबाई न्यायाच्या नादात एक कमी करणार. त्यापेक्षा हात खालीच ठेवावा आणि आपण आपलं कडक राहावं. मी दहापैकी चार लिहिले. लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटला, हेही सांगून टाकते. काय ती सचोटी!

त्यानंतर माझं मन हलकं झालं. सातव्या नंबरला एक मोकळा, भरदार आवाज आला. श्वास साधे, सरळ, भरून घेतलेले, पण शब्दात जीव होता. कुणाची का पोरगी असेना, घरी हिला कुणीतरी जिवापाड जपून शिकवलंय, असं वाटलं. मी नऊ लिहिले.

एक वाजता वकीलबाईंनी बेरजा केल्या. सात नंबरला चोवीस. तीन नंबरला बावीस. "नवलच आहे," डॉक्टर म्हणाले, "आम्ही दोघांनी तिसरीला नऊ-नऊ दिलेत आणि बाईंनी चार! तुम्हाला काय खटकलं?"

"श्वास," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

वकीलबाईंनी पाकीट फोडलं, यादी वाचली, चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे बघितलं. "सात नंबर तुमची भाची."

डॉक्टर उठून माझा हात हलवायला लागले. "पडद्याने न्याय केला बाई! आता कुणाची बोलायची टाप आहे?" मी यादी ओढून घेतली. तीन नंबरच्या पुढे एक अनोळखी नाव होतं. अर्ज काढला. वय एकोणतीस वर्षं दहा महिने. नोकरी चष्म्याच्या दुकानात. शिक्षण कुणाकडे, या रकान्यात लिहिलं होतं: सार्वजनिक वाचनालयातला शनिवारचा वर्ग. तो वर्ग माझी भाची घेते. मी त्याला 'घाऊक गाणं' म्हणायचे. गायकांची पाळी पुन्हा चार वर्षांनी येणार होती, म्हणजे या बाईला ही शेवटची संधी होती आणि ती मी चार गुणांत गुंडाळून फेकून दिली होती.

निकाल पाच वाजता फळ्यावर लागायचा होता. जेवून येते म्हणाले आणि घरी गेले.

भाची जमिनीवर बसून पायाला तेल चोळत होती. सकाळपासून अनवाणी थंड फरशीवर उभं राहून वाट बघायची, तळवे दुखतात. निकालाबद्दल तिने विचारलं नाही. नियम तिला पाठ आहेत, माझ्याच घरात वाढली आहे.

"मावशी," ती म्हणाली, "माझ्या वर्गातली एक आली होती. चष्म्याच्या दुकानातली. तुला सांगितलं नाही मी."

"बरं."

"बिनपगारी रजा टाकून आली होती ग. दुकानदार म्हणाला, परत आलीस तर जागा असेलच असं नाही. आणि तिला मी आपला अर्धा श्वास शिकवलाय. रागावू नकोस. मी वर्गात सहज घेतला तर तिने पकडलाच. दीड वर्षात बसवला बघ. मला पाच लागली."

"कुणाला शिकवू नकोस असं सांगितलं होतं ना तुला?"

"होतं. पण ती विचारत होती ना. नाही कसं म्हणू?" तिने तेलाची बाटली बंद केली. "मला मिळावं असं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मी चोवीसची आहे. तिला नाही मिळालं तर संपलंच."

मी ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. चार वर्षांनी पुन्हा हिला बसता येईल, हे तिनेच मला सांगितलं होतं. ते ऐकून खरं तर मला सोपं जायला हवं होतं. गेलं नाही. मला दिसत होतं, की मी तोंड उघडलं तर हिचा हक्काचा निकाल जातो आणि मिटलं तर त्या बाईचा. शिवाय उघडलं तर सतरा वर्षं मिरवलेली माझी ताठ मान जाते. त्याचंही वाईट वाटत होतं, आणि वाटतंय म्हणून माझीच मला चीड आली.

साडेचारला मी ऑफिसात परत गेले. दोघं चहा पीत होते. मी उभ्यानेच सांगितलं, "तीन नंबरला मी ओळखलं होतं. हात वर केला नाही."

"पण तुम्ही तर तिला ओळखत नाही," डॉक्टर गोंधळले.

"मला वाटलं भाची आहे. म्हणून चार दिले."

मग डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, जाऊ द्या ना. भाचीला मिळालंय ते तिच्या गळ्यावर मिळालंय. आमच्या दोघांचेही गुण आहेत त्यात. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की," मी म्हणाले.

वकीलबाईंनी कप खाली ठेवला. "नववा नियम. ओळखलं असं वाटणं हेच ओळखणं धरायचं, चूक की बरोबर तो प्रश्न नाही. तीन नंबरचे तुमचे गुण बाद. सरासरी नऊ. सात नंबरची आठ." त्यांनी नवीन कागद ओढला. "आणि हात वर न करणाऱ्या परीक्षकाने पद सोडायचं, हेही तुम्हीच लिहिलंय त्यात."

"माहीत आहे."

"मला वाईट वाटतंय," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. मी राजीनामा लिहिला. दोन ओळींचा झाला.

पाच वाजता कारकुनाने कागद लावला. चष्म्याच्या दुकानातली बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ठेंगणी, केस घट्ट बांधलेले, अजून अनवाणीच. तिला आपलं नाव दिसलं तरी ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली आणि मग तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. भाचीने धावत जाऊन तिला मिठी मारली. दोघी रडत होत्या. भाची खरंच आनंदली होती. निदान तेवढा वेळ तरी.

सगळे गेल्यावर भाची मला मदत करायला सभागृहात आली. मी स्टुलावर चढून पडद्याच्या कड्या काढत होते. तिने खालून कापड धरलं. उद्या ही गोष्ट गावभर होणार होती, त्याआधी माझ्या तोंडून ऐकलेली बरी, म्हणून मी सगळं सांगितलं. श्वास, चार, नऊ, पाकीट, राजीनामा. कड्या काढत काढतच सांगितलं, त्यामुळे तिच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही.

"म्हणजे मी पहिली होते," ती म्हणाली.

"हो. माझ्यामुळे गेलं. मला माफ कर."

"ते नाही ग. तिला मिळालं ते बरोबरच आहे. ती माझ्यापेक्षा चांगली गायली, मी दाराबाहेरून ऐकलं ना." तिने हातातलं कापड सावरलं. "मी तो श्वास मुद्दाम टाळला होता, मावशी. तू ओळखू नयेस म्हणून. महिनाभर साधा श्वास घेऊन बसवलं सगळं, तू बाजारात गेलीस की. नियम होता ना तुझा."

मी स्टुलावरून उतरले.

"पण मला वाटलं होतं," ती म्हणाली, "श्वास नसला तरी आवाज ओळखशील. सोळा वर्षं ऐकतेयस."

ऐकत मी कधीच नव्हते. सोळा वर्षं चुका शोधत होते, आणि त्या दिवशी सातव्या नंबरच्या गाण्यात शोधाव्याशा वाटल्या नाहीत, म्हणून ते मला परकं वाटलं. पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी आपली अडखळत म्हणाले, "पण बाळा, नऊ दिले ना मी तुला. इतके मी आजवर कुणाला दिले नव्हते. ते तुझेच आहेत."

तिने पडद्याची घडी घातली, नीट, कडेला कड जुळवून, आणि माझ्या हातात दिली.

"नाही मावशी," ती म्हणाली. "नऊ तू कुण्या परक्या मुलीला दिलेस. मला चार दिलेस."