रत्नाताई मूल होऊन दाखवतात

लिहायला बसण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात सहीच्या पलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही. मी वणीच्या कॉलेजात बी.ए.ला आहे, एवढाच माझा अधिकार. शब्दचित्राला चित्रकाराचा हात लागतो असं आमचे सर म्हणतात, आणि माझा हात अजून फवारणीच्या पंपाचाच आहे. पण जिनं आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं काढली, आणि तीही स्वतःच्या अंगानं, त्या बाईचं एक तरी चित्र कोणी काढावं असं फार दिवस वाटत होतं. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

फाल्गुनातली दुपार डोळ्यांपुढे येते. मुकुटबनकडून येणाऱ्या रस्त्यावर ट्रकांनी उडवलेली पांढरी धूळ खाली बसायचं विसरून जाते, तिच्यातून पळसाचा रंग पाण्यात कालवल्यासारखा फिका दिसतो, आणि आमच्या तांड्यातली कुत्री सावली सरकली तरी उठायचा आळस करतात. अशा निपचित वेळी चपलांचा फटफट आवाज येतो आणि दारादारांत बायका उभ्या राहतात. अंगणवाडी सुटलेली असते. रत्नाताई निघालेल्या असतात.

त्या नाल्यापलीकडच्या गावच्या. मुलांची उंची, वजन त्या फोनमध्ये भरतात, पण तो भाग सगळीकडे सारखाच. त्यांचं वेगळेपण त्यानंतर सुरू होतं. आमच्याकडे आईच्या तोंडावर मुलाचं कौतुक करत नाहीत, दृष्ट लागते. ताई नव्या होत्या तेव्हा एका दारात उभं राहून त्यांनी मोठ्यानं सांगितलं होतं, "पोरगं मस्त भरलं हो तुमचं!" संध्याकाळी पोरगं तापानं फणफणलं आणि ते दार ताईंना कितीतरी दिवस बंद राहिलं. तेव्हापासून ताई बोलत नाहीत, करून दाखवतात. कोणी हटकलं तर म्हणतात, "मी कुठं काई बोलली? मी त नुसती उभी हाव."

आणि उभ्या तरी कशा! पन्नाशी ओलांडलेलं भरदार शरीर, पदर कंबरेला खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. अशा ताई शेजारच्या परसरामकाकांच्या अंगणात एका पायावर उभ्या राहतात, दोन्ही हात पंखांसारखे पसरतात, ओठ दाताखाली धरतात, वाऱ्यातल्या तुरीसारख्या डोलतात आणि पडता पडता सावरतात. दारातली आई पदराआड हसते. तिला कळलेलं असतं की आपला अजय आज एका पायावर उभा राहिला. पुढच्या दारात ताई जमिनीवर फतकल मारतात, नसलेल्या सदऱ्याची नसलेली गुंडी जीभ बाहेर काढून लावतात आणि लागली की आकाशाकडे पाहतात. वजन वाढलं तर गाल फुगवतात. घटलं तर गाल आत घेऊन आईकडे अशा करुण नजरेनं पाहतात की ती बिचारी त्याच पावली चुलीकडे वळते. मीही त्यांच्याच अंगणवाडीतला. माझ्या वेळी ताई आमच्या दाराशी येऊन नुसत्या कवाडाआडून डोकावायच्या आणि निघून जायच्या, असं माझी याडी, म्हणजे आई, अजून पाहुण्यांना सांगते.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या दारात मात्र वेगळंच सुरू झालं. माझी पुतणी कोमल अंगणवाडीत जायला लागली होती. ताई आल्या, अंगणात बसल्या, हात मांडीत ठेवले, नजर मातीत रोवली आणि ओठ मिटून घेतले. वहिनी वाट पाहत राहिली. भिंतीवरचं ऊन सरकलं. मग ताई उठल्या, पायरी चढून घोटभर पाणी प्याल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. संक्रांत झाली, तुरी घरात आल्या, आमच्या अंगणातलं मौन काही तुटलं नाही. शेजारणी मुद्दाम जमू लागल्या.

"ताई, कोमलचा खेळ कवा सुरू होते?"

"झाला बाई."

वहिनी रडकुंडीला आली. "ताई, घरी हे पोट्टी तोंड मिटत नाई हो! डोकं खाते माहं. तुमी काहून अशा बसून राहता?"

"जे पाह्यलं ते दाखवलं," ताई म्हणाल्या. "मनचं जोडून कशी दाखवू? खेळत नाई, गात नाई, नाव विचारलं त नुसती पाहते. जूनमंदी पह्यलीत जाईन. तवापर्यंत नाई बोलली त यवतमाळले मोठ्या डॉक्टरले दाखवा. मले भेव वाटून राह्यलं."

भाषेची अडचण नव्हती. इतक्या वर्षांत ताईंना आम्हा बंजाऱ्यांची गोरबोली आमच्याइतकीच येते. अडचण अशी की घराला ताई खोट्या वाटत होत्या आणि ताईंना घर. "माही नात मुकी हाय काय?" याडी म्हणाली आणि तो शब्द अंगणात तसाच पडून राहिला. आमच्याकडे नाव चिकटायला वेळ लागत नाही. लहानपणी एकदा बैलगाडीतून पडलेला एक गृहस्थ आज नातवंडं खेळवतो, तरी पडक्याच म्हटला जातो. कोमल मुकी म्हणून पहिलीत गेली असती तर लग्नाच्या मांडवातही मुकीच बसली असती.

मी महाशिवरात्रीला घरी गेलो. मानसशास्त्राच्या पुस्तकातलं एक लांब वाक्य सगळ्यांना समजावून सांगितलं. दादा शांतपणे म्हणाला, "हे डॉक्टरले सांगजो." त्या संध्याकाळी कोमलनं मला इतके प्रश्न विचारले की उत्तरं देता देता माझा घसा बसला. मी परत वणीला आलो, परीक्षा सुरू झाली. फोन करायचो, "कसं हाय?" तिकडून यायचं, "बरं हाय." कोमलचं विचारायची हिंमत होत नव्हती, आणि कोणी आपणहून काढत नव्हतं.

वैशाखाच्या उन्हात पाण्याची मोटर दुरुस्तीला घेऊन परसरामकाका वणीत आले. बसस्थानकावर मला पाहताच, बोलायच्या आधीच हसत सुटले.

"तुले कोणी सांगतलं नाई? अरे, आमाले वाटलं तुह्या भावानं सांगतलं!"

दादाला वाटलं होतं वहिनीनं सांगितलं, वहिनीला वाटलं होतं याडीनं.

झालं असं की ताई लेकीकडे गेल्या होत्या. दुपार झाली, चपला वाजल्या नाहीत. तेव्हा कोमलनं वहिनीची ओढणी कंबरेला खोचली आणि ती दारोदार निघाली. परसरामकाकांच्या अंगणात एका पायावर उभी राहून अजयच्याच आवाजात म्हणाली, "ताई, मले अजून खिचडी पायजे!" पुढच्या दारात गुंडी लावली, त्याच्या पुढच्या दारात रुसली, नाक ओढलं, गाणं म्हटलं, सगळी अंगणवाडी तिच्या अंगात जशीच्या तशी भरलेली. इतके महिने पोरगी नुसती पाहत होती. बायका हसून हसून तिच्यामागे चालू लागल्या. शेवटी ती आमच्या घराशी आली. एक हात चौकटीला लावला, दुसरा गुडघ्यावर दाबला, अगदी हळू "आई गं" म्हणत पायरी चढली, पदरानं तोंड पुसलं आणि मग हसली.

"मंग कोणी हसलं नाई," काका म्हणाले. "ताई रोज तशाच चढत होत्या गड्या. आमी खेळ पाहत होतो."

ताई परत आल्या तेव्हा दारोदार अंगणातच खुर्ची, खाट, पाट मांडून ठेवलेलं होतं. "हे काहून?" त्या विचारत राहिल्या. कोणी सांगितलं नाही. कोमल आता अंगणवाडीत कोणाला बोलू देत नाही, आणि आमच्या अंगणात ताई खुर्चीवर बसून फक्त दोन्ही कान घट्ट झाकून घेतात. याडी म्हणते, इतकं मोठं कौतुक पाहून दृष्ट काढावीच लागते.

काका मोटर घेऊन गेले. मी उन्हात उभा राहिलो. मी तिथं नसताना कोमल बोलायला लागली होती आणि रत्नाताई म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि या दोन्ही बातम्या मला एकाच दुपारी, एकाच माणसाच्या तोंडून कळल्या.