नखाची खूण

भावजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, डोंगरातलं सगळं कळतं. सॅक कशी भरावी, जड वस्तू पाठीला लागून का ठेवाव्यात, सुती मोजे का घालू नयेत, उतारावर नाडी कुठून आवळावी, शिट्टी किती वेळा वाजली की कुणी अडचणीत आहे असं समजावं. दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाशेजारच्या हॉलमध्ये भटकंती मंडळाची बैठक भरते. तिथं ते उभे राहून बोलतात आणि पंधरा-वीस माणसं वह्या उघडून बसतात. विमा कचेरीत बत्तीस वर्षं ज्यांनी अर्जांवर शिक्के मारले, त्यांना वाऱ्याच्या दिशेवर बोलताना ऐकणं हा एक अनुभव आहे. मी तो दोनदा घेतला. तिसऱ्यांदा बायकोला पाठवलं.

बायकोनं त्यांचं नाव ‘यादी’ ठेवलंय, कारण बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते टाइप केलेली एक यादी ठेवतात. बेचाळीस वस्तू. त्यात टॉर्च आहे, टॉर्चच्या जादा बॅटऱ्या आहेत, आणि त्या बॅटऱ्या भिजू नयेत म्हणून एक डबी आहे. डबी हरवली तर काय करायचं हे अजून यादीत आलेलं नाही, पण येईल.

माझं दुकान बूट दुरुस्तीचं. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो. खिडकीशी टेबल, टेबलावर बूट चढवून ठोकायचा वडिलांचा लोखंडी फर्मा, मागे शिलाईचं मशीन आणि तीन भिंतींना बूट. डोंगराकडे जाणारी बस आमच्याच चौकातून सुटते, म्हणून आमच्याकडे येतात ते बहुतेक डोंगर चढणाऱ्यांचे बूट. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या बसची रांग बघावी. अंगावर इतके पट्टे आणि इतकी बकलं की माणूस आत कुठं आहे ते शोधावं लागतं. पाण्याची नळी थेट तोंडापाशी, दोन्ही हातांत काठ्या, कमरेला होकायंत्र. आणि निघालेत कुठं, तर ज्या टेकडीवर आमच्या शेजारचे आजोबा रोज कुत्र्याला फिरवून आणतात तिथं.

मी चेहरे बघत नाही, टाचा बघतो. टाच खोटं बोलत नाही. खरं चालणाऱ्याची टाच एका बाजूनं खाल्लेली असते, बोटांखालची नक्षी पुसलेली असते. बाकीच्यांचे बूट वरून मळलेले आणि खालून कोरे. असले बूट आले की मी मान खाली घालून हसून घेतो.

बूट हातात घेतला की पहिलं काम काय, ते वडिलांनी आम्हा दोघा भावंडांना शिकवलं होतं. टाचेच्या आतल्या बाजूला, जिथं गिऱ्हाइकाची नजर जात नाही, तिथं अंगठ्याचं नख दाबायचं. रबर नखाला परत ढकललं तर बूट जिवंत. नख रुतून बसलं तर सोल आतून गेलाय, मग वरचं चामडं कितीही चकचकीत असो. असा बूट तसाच परत द्यायचा नाही, असा त्यांचा दंडक. ताई लग्न होऊन जाईपर्यंत याच टेबलावर माझ्या शेजारी बसायची. तिचं नख माझ्यापेक्षा तेज होतं.

भावजींचा आणि माझा तसा वाद नाही. वादासाठी समोरच्याला बोलू द्यावं लागतं. एकोणतीस वर्षं प्रत्येक जेवणाच्या पानावर मी त्यांचे सल्ले गिळतोय. वडील गेले त्या वर्षी त्यांनी माझ्याच दुकानात उभं राहून मला दुहेरी शिलाई म्हणजे काय ते समजावलं. चित्र काढून. ताईसाठी मी मूग गिळून बसलो. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचे सल्ले चुकीचे नसतात. पुस्तकातले असतात, आणि पुस्तकं बरोबर असतात. पण बारा खिंडी आपण पायांनी ओलांडल्या असं जे ते सांगतात, त्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पुरावा मात्र नव्हता, कारण त्यांचे बूट कधी माझ्या हातात आलेच नव्हते.

ते यंदा आले, ताईमुळे. ताईचा गुडघा गेलाय. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की त्यानंतर सपाट रस्त्यावर चाला हवं तितकं, पण डोंगर विसरा. ताईला एकदा वरचं तळं बघायचं होतं. झाडांची रेघ संपते, त्याच्याही वर, खिंडीच्या पलीकडे ते तळं आहे. लहानपणी गिऱ्हाइकं टेबलाशी उभी राहून त्याचं वर्णन करायची आणि आम्ही आ वासून ऐकायचो. आधी दुकान, मग सासर, मग मुलं, मग सासूबाईंचं आजारपण. दरवर्षी भावजी म्हणायचे, यंदा मोसम योग्य नाही. यंदा ताई हट्टाला पेटली. वसंतापासून रोज पहाटे ती बागेला फेऱ्या मारत होती. मंडळाची हंगामातली शेवटची सहल रविवारी होती, शस्त्रक्रिया त्यानंतरच्या बुधवारी. आत्ता नाही तर कधीच नाही, इतका साधा हिशेब होता. नवऱ्यानं बरोबर यायलाच हवं, असं तिनं चारचौघांत, मंडळाच्या बैठकीत सांगून टाकलं. भावजींना नाही म्हणायला जागा उरली नाही.

गुरुवारी दुपारी ते खोका घेऊन दुकानात आले. खोक्यात कागद, कागदात बूट. नवे बूट घालून डोंगरावर जाणं हा पहिला गुन्हा, बूट नेहमी मुरलेले हवेत, असं त्यांनी मला ऐकवलं. हे त्यांचे बावीस वर्षांपूर्वीचे, बारा खिंडींचे बूट. फक्त पॉलिश आणि नव्या नाड्या, बाकी हात लावू नकोस, अशी ताकीद देऊन ते गेले.

मी बूट उलटा केला. नक्षी अशी की काल कारखान्यातून निघालाय. एक खडा अडकलेला नाही, एक धार गेलेली नाही. बारा खिंडी सोडा, या बुटानं घराचा जिनासुद्धा उतरला नव्हता. मग मी टाचेच्या आतून नख दाबलं आणि ते ओल्या बिस्किटात जावं तसं गेलं.

लोकांना वाटतं कपाटात ठेवला की बूट टिकतो. उलट आहे. असल्या बुटाच्या सोलमध्ये जो मऊ थर असतो, तो नुसता पडून राहिला की आतून कुजतो. वापरातला बूट झिजतो, पडलेला बूट सडतो. भावजींच्या यादीत बेचाळीस वस्तू आहेत, पण ही गोष्ट नाही, कारण ही कळायला आधी चालावं लागतं.

नवा सोल लावणं पाऊण तासाचं काम. वर सोल्यूशन सुकायला एक रात्र. गुरुवार होता, रविवारपर्यंत वेळच वेळ होता.

मी नाही लावला. उगाच गोड बोलत नाही, सरळ सांगतो. मला त्यांची फजिती बघायची होती, आणि बघता आली नाही तर निदान ऐकायची होती. माना वाकवून वह्यांत टिपणं घेणाऱ्या त्या वीस जणांसमोर बारा खिंडींचा सोल गळून पडलेला मला हवा होता. मी मनाशी हिशेब केला. असला सोल पहिल्या अर्ध्या तासात जातो, बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर. भावजी परत फिरतील, थांब्यावर बसून राहतील, ताई मंडळाबरोबर पुढं जाईल. कुणाचं काही बिघडत नाही आणि एका माणसाचं तोंड बंद होतं. मी बुटांना पॉलिश केलं. चार वेळा केलं. आयुष्यात इतकं सुंदर पॉलिश मी कुणाच्या बुटांना केलं नसेल.

शनिवारी ताई न्यायला आली. तिचे स्वतःचे बूटही तिनं दाखवायला आणले होते. टाचा बाहेरून झिजलेल्या, बोटांखालची नक्षी पुसट. सहा महिन्यांचं इमानदार काम. नाडीची एक कडी सैल होती, ती मी बसवून दिली. मग तिनं नवऱ्याचा खोका उघडला, चकचकीत चामडं बघून हसली आणि विचारलं, “यांचे नीट बघितलेस ना?”

“बघितले,” मी म्हणालो.

तिनं खोका बंद केला. स्वतः नख लावून बघितलं नाही. भावानं बघितलंय म्हटल्यावर कशाला बघेल?

रविवारी आभाळ स्वच्छ होतं. मी दिवसभर घरात खुशीत होतो, इतका की बायकोनं दोनदा विचारलं काय झालंय म्हणून. तिला मी काही सांगितलं नाही. संध्याकाळी फोनची वाट बघितली, आला नाही.

सोमवारी दुकान उघडून मी जेमतेम बसलो होतो, तेव्हा ताई लंगडत आत आली. तिनं कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. दोन बूट, त्यांच्यापासून सुटलेले दोन सोल, आणि करडा भुगा.

ती शांतपणे सांगत गेली. पहिल्या तासात काही झालं नाही. दुसऱ्यातही नाही. भावजी चांगले चालले, वाटेत दोन नवख्यांच्या सॅकचे पट्टे त्यांनी आवळून दिले. झाडं संपली, दगड सुरू झाले, तेव्हा आधी डावा सोल गेला, मग उजवा. यादीतली चिकटपट्टी होती, तीन तऱ्हेच्या दोऱ्या होत्या. ताईनं लहानपणी शिकलेल्या गाठी मारून सोल बांधले. ते दहा मिनिटं टिकले. खिंड समोर दिसत होती. मंडळाच्या म्होरक्यानं सांगितलं, इथून पाऊण तास. भावजी तिला म्हणाले, तू जा, मी इथं बसतो. पण वारा सुटला होता, आणि खाली यायला सगळा धारदार दगड. मोज्यांवर माणूस सोडून ती कुठं जाणार होती? बाकीचे वर गेले, हे दोघं खाली आले. टॉवेल फाडून भावजींच्या पायांना गुंडाळले, तरी टाचा रक्ताळल्या. उतरायला पाच तास लागले आणि तिचा गुडघा टम्म सुजला.

“अख्ख्या वाटेत त्यांनी एक सल्ला दिला नाही,” ती म्हणाली.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण जीभ एकोणतीस वर्षांच्या सवयीची. मी सोल उचलून तिच्यासमोर धरला आणि नक्षी दाखवत बोलायला लागलो की बघ, एवढा कोरा सोल, हा माणूस आयुष्यात कधी डोंगरावर गेलेलाच नाही, बारा खिंडी म्हणे.

“मला माहीत नाही?” ताई म्हणाली. “एकोणतीस वर्षं त्यांचे मोजे मी धुते.”

मी सोल खाली ठेवला. तिनं भुग्यातून टाचेचा एक तुकडा वेचला, खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्याकडे वळवला. त्यावर अर्धचंद्रासारखी खूण होती. माझ्या अंगठ्याएवढी. खूण काळी होती.

“नखाच्या खुणेत पॉलिश बसलंय,” ती म्हणाली. “म्हणजे आधी दाबलंस, मग पॉलिश केलंस.”

खोटं बोलायला जागा नव्हती. मी तिला माझा हिशेब सांगितला. अर्ध्या तासात जाईल असं वाटलं होतं, बसथांब्यापाशीच, म्हणजे तू पुढं गेली असतीस. सांगताना मलाच माझा आवाज ओळखीचा वाटला. असाच आवाज गुरुवारी त्या हॉलमध्ये ऐकू येतो.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तू कधी गेलास रे वर?”

मी कधीच गेलो नव्हतो. पस्तीस वर्षं मी खिडकीशी बसून लोकांच्या टाचा मोजल्या होत्या. माझ्या स्वतःच्या चपला टेबलाखाली होत्या, तिनं तिकडे नुसतं बघितलं. मग तुकडा टेबलावर ठेवून ती उठली. बुटांना नवे सोल लाव, भावजी आता रोज पहाटे बागेला फेऱ्या मारणार म्हणतात, एवढं सांगून ती दार धरून दोन पायऱ्या उतरली. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, मग पुढची.

बुधवारी तिला दवाखान्यात न्यायचं होतं. मंगळवारी सकाळी मी दुकानाचं दार लावून घेतलं, बूट फर्म्यावर चढवले, जुना भुगा खरवडून काढला आणि नवे सोल बसवले. पाऊण तास लागला.