जलंबचा काउंटर आणि खवल्यांचा मासा

मी एक जुना काउंटर आहे, मित्रांनो. जलंब स्टेशनाबाहेर, जिथं लोक खामगावची गाडी पकडायला उतरतात, तिथं मी बरीच वर्षं आडवा पडून आहे. आडवा पडलो आहे म्हणजे आराम करतो आहे, असं मात्र समजू नका. माझ्यावर लोक कोपर टेकतात, पिशव्या आपटतात, तंबाखू मळतात. एवढं ओझं मी उभा होतो तेव्हाही कधी सोसलं नव्हतं.

हो, मी एके काळी उभा होतो. जन्मानं मी दार आहे. खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत सरकीच्या कोठाराला मला बसवलं होतं. हमाल मला लाथ मारून उघडत आणि पाठीनं ढकलून लावत. फॅक्टरी बंद पडली, तिचं सामान भंगारात निघालं आणि मला इसाजी थळकरांनी उचललं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्षच झालं होतं. इसाजींनी मला दोन ओंडक्यांवर टाकलं, रंधा मारला, तेल पाजलं. मला वाटलं, सुटलो बाबा एकदाचा. कुठला सुटतोय!

इसाजी मूळचे अलिबागकडचे. ते बेने इस्राएल होते, म्हणजे आपल्यासारखंच मराठी बोलणारे यहुदी. जलंबला असं घर ते एकच. ते नेमके कोण हे लोकांना नीट कळायचं नाही आणि कळून घ्यायची कुणाला घाईही नव्हती. इसाभाऊ म्हटलं की सगळ्यांचं काम भागायचं. नोकरी त्यांनी रेल्वेत केली. पण त्याआधी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ते पलटणीच्या भटारखान्यात होते. पलटण पॅलेस्टाइनमधल्या हैफा बंदरावर असताना पोलंडकडच्या एका यहुदी बेकरीवाल्यानं त्यांना एक पाव शिकवला होता. कणकेचं कडं वळायचं, ते आधी उकळत्या पाण्यात सोडायचं आणि मग भट्टीत भाजायचं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर इसाजींनी तोच पाव माझ्यावर मांडला; माझी दुसरी बाजू माशाची. लोक त्याला कड्याचा पाव म्हणू लागले. दोरीत ओवलेली कडी माझ्या डोक्यावर टांगलेली असत.

पिंपळगाव राजाचे अर्जुनराव दर बाजाराला खामगावला जाताना थांबायचे. गळ्यात माळ, त्यामुळे माशाच्या बाजूला पाठ करून बसायचे आणि नुसत्या कड्यावर जवसाची चटणी घ्यायचे. ती चटणी भोकातून गळून नेमकी माझ्या अंगावर पडायची.

"इसाभाऊ, पावाले भोक काऊन ठेवता? तेवढी कणीक वाचवून राह्यले काय?" ते दर वेळी विचारायचे.

"भोकाला चव असते, अर्जुनराव. सावकाश खा म्हणजे कळेल," इसाजी दर वेळी सांगायचे.

मग दोघंही हसायचे. तोच विनोद ऐकून ऐकून मला कंटाळा आला होता, त्यांना कधी आला नाही.

पण खरी गर्दी व्हायची ती माशाला. पॅसेंजर गाडी आली की इंजिनवाले, गार्ड, खामगावला जाणारे कारकून माझ्यावर येऊन पडायचे. कडं मधून चिरायचं, आत धुरी दिलेल्या माशाचे तुकडे, कांदा, वर लिंबू. हे सगळं राहेलबाई करायच्या. राहेलबाई म्हणजे इसाजींची बायको. मागच्या अंगणात एक लोखंडी पिंप होतं. त्यात आंब्याचं लाकूड धुमसत ठेवून वर मीठ लावलेला मासा टांगायचा. जाळ होऊ द्यायचा नाही आणि धूर विझू द्यायचा नाही, म्हणून त्या सकाळपासून पिंपापाशी बसलेल्या असायच्या. डोळे कायम लाल. एखादं नवं गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, रडून राह्यल्या का?" तर म्हणायच्या, "नाही हो, मासा करतेय."

माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं, हे सांगायला मला लाज नाही. शुक्रवारी दिवस कलला की त्या मला राखेनं घासायच्या, ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि वर पांढरी चादर घालायच्या. मग शनिवारचा दिवस मावळेपर्यंत चूल नाही, पिंप नाही, गिऱ्हाईक नाही. त्यांच्या धर्मात त्या दिवशी काम करायचं नसतं. गाडीतून उतरलेले लोक चादर बघून चरफडायचे. मी चादरीखाली गाढ झोपायचो. माझ्यासारख्या दमलेल्याची एवढी सोय दुसऱ्या कुणाच्या देवानं केली नव्हती.

त्यांच्या धर्माचा आणखी एक नियम होता. खवले असलेलाच मासा खायचा आणि विकायचा. पूर्णा नदीवरून मोतीराम भोई सायकलवर ओल्या पोत्यात मासे आणायचा. जाळ्यात येतील त्यातले रोहू तो इकडं आणायचा आणि अंगावर खवला नसलेले मिशावाले मासे दुसरीकडं विकून टाकायचा. राहेलबाईंना तो वहिनी म्हणायचा. मासे माझ्यावर ठेवून, पाणी पिऊन, घरचं गाऱ्हाणं सांगूनच परत निघायचा.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतो आहे ते सांगतो.

इसाजींची एकुलती एक मुलगी एस्तेर लग्न होऊन इस्राएलला गेली होती. तिकडं तिला मुलगा झाला. आईबाबा, तुम्हीही या, असे तिचे निरोप यायचे. इसाजींना जायचं होतं. नातू अजून त्यांनी पाहिला नव्हता. राहेलबाईंना जायचं नव्हतं.

"तिथं मला कोण ओळखतंय?" त्या म्हणायच्या. "इथं गाडीतून उतरणारा माणूस आधी माझ्याकडं बघतो, मग घड्याळाकडं."

बरेच दिवस त्यांचं हे चाललं. शेवटी एका दुपारी, मोतीराम पाणी पीत बसला असताना, इसाजी मला टेकून म्हणाले, "राहेल, एक ठरवू. तुझा मासा आहे तोवर आपण इथं. मासा थांबला की निघायचं. मग वाद नाही."

"चालेल," राहेलबाई हसून म्हणाल्या. "पूर्णा काय आटतेय?"

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पूर्णा आटली. पावसाळा कोरडा गेला होता. फाल्गुनातच नदीचे डोह राहिले आणि डोहांत मिशावाले मासे तेवढे तग धरून राहिले. मोतीराम रोज रिकामं पोतं दाखवायला यायचा. राहेलबाईंनी मुंबईहून बर्फातला मासा मागवून पाहिला. भुसावळ येईपर्यंत त्याचा वास सुटला. पिंप थंड पडलं. इंजिनवाले यायचे, मासा नाही ऐकून चहाकडं वळायचे. राहेलबाईंचे डोळे कित्येक वर्षांनी पांढरे दिसू लागले आणि मला ते मुळीच आवडलं नाही. इसाजींनी माडीवरची लोखंडी ट्रंक खाली आणून पुसली होती, हे राहेलबाईंनी पाहिलं होतं.

अशा एका दुपारी मोतीराम घाईघाईनं आला. भलामोठा मासा त्यानं पोत्यासकट माझ्यावर ठेवला.

"वहिनी, मासा आला! लवकर पिंपात टाका," म्हणाला आणि नळावर पाय धुवायला गेला.

राहेलबाईंनी पोतं उघडलं. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! मासा खवल्यांनी भरलेला होता. त्यांनी मायेनं त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि हात मध्येच थांबला. अर्धे खवले शेपटीकडं वळलेले होते, अर्धे डोक्याकडं. त्यांनी तळहात उलटा करून पाहिला. हाताला सात-आठ खवले चिकटून आले होते आणि त्यांच्याखाली बाभळीचा डिंक होता. माशाच्या मिशाही कापलेल्या होत्या.

तेवढ्यात आतून इसाजींचा आवाज आला. "राहेल, मासा आला का गं?"

मित्रांनो, राहेलबाईंचा दुसरा हात माझ्यावर टेकलेला होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कातडी सोलून, मीठ लावून, धुरात टांगला की कुणाला काय कळणार होतं? जलंब सुटणार नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा बाई, हो म्हणा. मी तर दार, मला धर्मातलं काय कळतं! मला त्या हव्या होत्या.

त्या म्हणाल्या, "आलाय. पण आपला नाही."

इसाजी बाहेर आले. मोतीरामही ओल्या पायांनी परत आला. माशावरचे खवले आणि राहेलबाईंचा हात बघून तो जरासाही ओशाळला नाही.

"वहिनी, तुमाले खवले पायजेत ना? हे काय, खवले आहेत!"

"हे तू चिकटवलेस, मोतीराम?"

"मी आन् तानाबाईनं. अंगणातले जुने खवले येचून सारी सकाळ बसली ते एकएक लावत." तानाबाई ही त्याची बायको. "काऊन, काही चुकलं काय? आमच्या म्हसोबाले बकरं नाही जमलं त आमी नारळ फोडतो. त्यानं कधी तक्रार नाही केली. इथं त मी खवलेबी दिले, मासाबी दिला. तुमचा देव काऊन एवढा खोलात जाऊन राह्यला?"

राहेलबाईंना हसू फुटलं. आधी पदर तोंडाला लावून, मग माझ्यावर डोकं टेकून त्या हसत राहिल्या. इसाजीही हसले. मोतीराम आधी गोंधळला, मग तोही हसायला लागला. हसता हसता राहेलबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते माझ्यावर पडलं आणि ते हसण्याचं पाणी नव्हतं.

"तुझ्या म्हसोबासारखं आमच्या देवानंही चालवून घेतलं असतं रे, मोतीराम," त्या म्हणाल्या. "मलाच चालणार नाही. हा घरी ने. तानाबाईला म्हणावं, कालवण कर, आणि माझ्या वाटचंही खा."

मोतीरामनं मान खाली घातली. "वहिनी, तुमी जाऊ नोका म्हनून केलं."

"ठाऊक आहे मला."

इसाजींनी माशावरचा एक खवला काढून पाहिला. मग हळूच म्हणाले, "राहेल, आणखी थोडे दिवस बघू या. पाऊस येईल. मला एवढी घाई नाही."

"नको," राहेलबाई म्हणाल्या. "आज माझ्या तोंडून हो निघता निघता राहिलं. पुढच्या वेळी राहायचं नाही. ठरलं ते ठरलं."

त्या दिवशी त्यांनी मला शुक्रवार नसतानाही राखेनं घासलं.

निघायच्या आदल्या दिवशी घरात मलिदा झाला. प्रवासाआधी हे लोक एलियाहू नबीचं नाव घेऊन पोहे, गूळ, खोबरं आणि फळं यांचा प्रसाद करतात. राहेलबाईंनी तो परातीत घालून माझ्यावर ठेवला आणि सगळ्या स्टेशनाला वाटला. अर्जुनरावांनी मूठभर खाल्ला आणि ते माशाच्या बाजूला पाठ न करता बसून राहिले. मोतीराम कोपऱ्यात उभा होता. राहेलबाई त्याला म्हणाल्या, "हा काउंटर तुला ठेव. मासे मांडायला होईल."

"पण वहिनी, मी त सगळेच मासे इकतो. मिशावालेबी."

"विक की. लाकडाला कसला आलाय धर्म!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं गेली. राहेलबाईंनी जाताना माझ्यावरून एकदा हात फिरवला. त्यांच्या हाताला धुराचा वास नव्हता.

त्या वर्षी पाऊस मृगातच लागला आणि असा लागला की पूर्णा दोन्ही काठ सोडून वाहिली. पाणी ओसरल्यावर मोतीराम एका सकाळी सायकल दामटत आला. पोत्यात दोन रोहू होते, ताजे, जाडजूड. राहेलबाई जिथं उभ्या राहायच्या त्या बाजूला त्यानं ते माझ्यावर मांडले आणि सवयीनं मोठ्यांदा हाक मारली, "वहिनी! मासा आला!"

मागच्या दाराला कुलूप होतं. मोतीराम त्या कुलपाकडं बघत उभा राहिला. मग तो माझ्याजवळ खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. तीन महिने थांबल्या असत्या, तर! मीही हेच म्हणत होतो, पण माझं कोण ऐकतं?

आता मी मोतीरामकडं असतो. कामाला सुटी नाही. शनिवारी तर गिऱ्हाईक जास्तच. राख कुणी लावत नाही, पाणी मारतात आणि तसंच सोडतात. ओंडके कुजले आहेत, फळ्यांच्या भेगांत खवले अडकून पडले आहेत. मी फार दमलो आहे. पण राहेलबाईंच्या बाजूला मोतीराम रोहूच ठेवतो. रोहू नसला तर ती बाजू रिकामी राहते. परवा एका गिऱ्हाइकानं आपली मिशावाल्या माशाची पिशवी तिथं ठेवली, तर मोतीरामनं ती उचलून त्याच्या हातात दिली.

"तिकडं नोको ठेवू, भाऊ. ते वहिनीची जागा हाय."

"कोन वहिनी?"

फडकं पिळून मोतीरामनं ती जागा पुसायला घेतली.

मित्रांनो, जुन्या लाकडाला रंग द्या, तेल द्या, असं मी सांगणार नाही. माझ्या आता ते कामाचं नाही. तुम्ही कधी जलंबला उतरलात आणि तो म्हातारा माणूस ती रिकामी जागा पुसत असला, तर त्याला लवकर आटप म्हणू नका. त्याचं पुसून होऊ द्या. खामगावची गाडी तशीही थोडी उशिराच सुटते.